मुनेरबींच्या ओव्या आणि संयुक्त महाराष्ट्राचा आवाज

मराठी मुसलमानाला आयुष्यात एकदा तरी हा प्रश्न ऐकावा लागतोच : ‘तुम्ही इतकं छान मराठी कसं काय बोलता?’ विचारणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट काही नसते. पण मराठी आपण कुठून तरी शिकून आणली आहे, हे त्याने गृहीत धरलेले असते. अशा वेळी एक नाव सांगावे : महबूब हुसेन पटेल. ते ऐकून कुणालाच काही आठवत नाही. ‘शाहीर अमर शेख’ म्हटले, की मात्र जुन्या पिढीचे चेहरे उजळतात. ही दोन्ही नावे एकाच माणसाची.

१९१६ साली बार्शीत त्यांचा जन्म झाला. गरिबीमुळे मोटारीवर क्लीनर म्हणून आणि पुढे गिरणीत काम केले, कामगारांच्या लढ्यात तुरुंगही पाहिला. आई मुनेरबी यांना ओव्या आणि लोकगीते तोंडपाठ होती. गाण्याची पहिली तालीम त्यांना आईकडूनच मिळाली.

१९४४ साली अण्णा भाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने या पथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. डफ-तुणतुण्याची सरकारला एवढी भीती का वाटावी? कारण सरळ आहे. गिरणगावातल्या असंख्य कामगारांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हते. अग्रलेख त्यांच्यापर्यंत पोहोचत नसे, पण शाहिराचे गाणे पोहोचायचे, आणि रात्री ऐकलेले गाणे सकाळी साच्यावर गुणगुणले जायचे.

१९५६ साली मुंबईसह मराठी राज्य देण्याऐवजी मराठी आणि गुजराती भागांचे एकच द्विभाषिक राज्य करण्यात आले. संयुक्त महाराष्ट्राच्या या आंदोलनात शंभरावर माणसांनी प्राण दिले. त्या काळात अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड गाजली. पोटासाठी मुंबईला आलेला नवरा गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीने व्याकूळ होतो आणि शेवटी तीच ताटातूट बेळगाव-कारवारपासून तुटलेल्या महाराष्ट्राची होते. राज्याच्या सीमांचा रुक्ष प्रश्न शाहिराने घरातल्या दुःखाशी जोडला.

हे दुःख रत्नागिरीला नवे नव्हते. मुंबईच्या गिरण्यांना सर्वाधिक माणसे पुरवणाऱ्या जिल्ह्यांपैकी हा एक. हिंदू घरातला चाकरमानी गिरणीत, मुसलमान घरातला अनेकदा जहाजावर खलाशी. मागे उरायची ती बाई, म्हातारी माणसे आणि मनिऑर्डरची वाट. पुढे गिरणीच्या जागी कुवेत-दुबई आले, पण वाट पाहणे तसेच राहिले. २०११ च्या जनगणनेतही या जिल्ह्यात दर १००० पुरुषांमागे ११०० हून अधिक स्त्रिया होत्या. म्हणून ती छक्कड कुठल्या जातीच्या, कुठल्या धर्माच्या माणसाने लिहिली आणि गायिली, हे ऐकणाऱ्याने विचारले नाही.

दूर दक्षिण आफ्रिकेतही हेच घडले. तिथल्या सोन्याच्या खाणींसाठी शेजारच्या देशांतून मजूर आगगाडीने आणले जात. ह्यू मासेकेला या तुतारीवादकाने १९७४ साली त्या गाडीवर ‘स्टिमेला’ हे गाणे केले. घरदार सोडून आलेल्या मजुरांचा तो आक्रोश वर्णद्वेषी राजवटीविरुद्धचे गाणे म्हणून जगभर ऐकला गेला. मासेकेला स्वतः तीस वर्षे मायदेशाबाहेर होते.

आज आपल्याकडे गाण्याचा दुसराच उपयोग होताना दिसतो. मिरवणुकीत डीजेच्या भिंती लावून, मशिदीसमोर मुद्दाम थांबून, शेजाऱ्याला डिवचणारी गाणी वाजवली जातात. अशा वेळी आपली मुले चिडतात, किंवा दारे-खिडक्या लावून घेतात. दोन्ही समजण्यासारखे आहे. पण मराठी गाणे म्हणजे आपल्याविरुद्ध वाजणारे गाणे, अशी त्यांची समजूत झाली तर ते फार मोठे नुकसान ठरेल. त्यांना कुणीतरी सांगितले पाहिजे, की पेशवाईतल्या नामवंत शाहिरांत सगनभाऊ हा मुसलमान होता आणि १ मे १९६० ला जे राज्य जन्माला आले, त्याच्या लढ्याचा एक बुलंद आवाज बार्शीच्या महबूबचा होता.

गाणे-बजावणे कितपत जायज, यावर आपल्या घरांत मतभेद आहेत. तो विषय उलेमांचा. मुनेरबींनी जे मुलाला दिले, ते सोपे आणि घरगुती होते : स्वतःच्या बोलीतले शब्द आणि ते न लाजता उच्चारण्याची सवय. आपल्याकडेही आजी-नानीजवळ लग्नाची, हळदी-मेंदीची कोकणी गीते आहेत. त्यांत समुद्र आहे, सासर आहे, परदेशी गेलेला भाऊ आहे. ही गीते कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाहीत आणि ती जाणणाऱ्या बायका आता थकल्या आहेत.

अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ ला गेले. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख अपघातात दगावले. त्यांचे कार्य लोकांनी लिहून ठेवले. आपल्या नानीची गीते मात्र आपल्यालाच लिहावी लागतील. या रविवारी मुलांच्या हाती एक वही द्या आणि त्यांना तिच्याजवळ बसवा.