पगार 31 ला, नाताळ 25 ला!

नाताळची तारीख ज्याने कोणी ठरवली, त्याचा पगार महिनाअखेरीला होत नसणार. नाहीतर 25 तारीख निवडली नसती! आमच्या ऑफिसात पगार होतो महिन्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणजे डिसेंबरचा पगार हातात येतो तोवर केक संपलेला असतो आणि पाहुणे परत गेलेले असतात. थोडक्यात काय, तर आमचा नाताळ दरवर्षी नोव्हेंबरच्या पगारावर होतो. तोसुद्धा आधीच दिवाळीने अर्धा केलेल्या. हो, आम्ही वसईकर ख्रिस्ती दिवाळीतही शेजाऱ्यांकडे रिकाम्या हाताने जात नाही!

आणि पुढे जानेवारी असतोच टपून. पोरांच्या शाळेची फी, सोसायटीचा मेंटेनन्स. जुन्या टॅक्स रेजिममध्ये असाल तर एचआरचं ते प्रेमळ मेल : इन्व्हेस्टमेंट प्रूफ द्या, नाहीतर टीडीएस कापू.

गेल्या वर्षी मी या सगळ्यावर एक सोप्पा उपाय शोधला होता. क्रेडिट कार्ड.

कपडे 22,000. गिफ्ट्स 14,500. फराळ, केक आणि जेवण 9,800. डेकोरेशन 5,100. आणि 31 डिसेंबरला सगळ्या खानदानाला घेऊन रिसॉर्ट, 10,000. एकूण 61,400 रुपये. स्वाइप करताना एकदाही हात थरथरला नाही. बिल आलं तेव्हा दोन महिने 'मिनिमम ड्यू' भरून मी स्वतःला हुशार समजत होते. मग एका दुपारी विरार फास्टमध्ये चक्क बसायला जागा मिळाली, म्हणून स्टेटमेंट नीट वाचलं. महिन्याला साडेतीन टक्के व्याज, म्हणजे वर्षाचे बेचाळीस! वर व्याजावर जीएसटी. शिवाय एकदा बाकी ठेवली की नव्या खरेदीला मिळणारे ते बिनव्याजी दिवसही गुल. साधं पेट्रोल भरलं तरी त्याच दिवसापासून व्याज सुरू.

ते कर्ज जुलैमध्ये फिटलं. नुसतं व्याजच जवळपास बारा हजार गेलं. सांताक्लॉजने डिसेंबरमध्ये दिलं आणि बँकेने जुलैपर्यंत परत नेलं.

यंदा तर गंमतच निराळी. सप्टेंबरमध्ये नवऱ्याची नोकरी गेली. कंपनीने 'रीस्ट्रक्चरिंग' केलं आणि त्यात आमचं घर रीस्ट्रक्चर झालं. दोन्हीकडच्या आईवडलांना आम्ही सांगितलं होतं, त्याला वर्क फ्रॉम होम आहे. खोटं नव्हतंच ते. वर्क शोधण्याचं काम तो होममधूनच करत होता!

नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही दोघांनी रात्री कागद-पेन घेऊन हिशेब मांडला. होम लोनचा हप्ता, शाळा, किराणा आणि सहा महिन्यांचा राखीव निधी (ज्याला हात लावायचा नाही अशी शपथ) बाजूला काढल्यावर नाताळसाठी उरत होते बरोबर 25,000. गेल्या वर्षीच्या निम्म्याहूनही कमी. नवरा म्हणाला, ''जमेल.'' मी म्हटलं, ''जमेल, पण मम्मीला काय सांगणार?''

खरा प्रश्न तिथेच होता. पैसे कमी असणं हा हिशेबाचा भाग झाला. पैसे कमी आहेत हे घरात मोठ्याने म्हणणं, हे खरं अवघड. आपण ऑफिसात क्लायंटला बिनधास्त सांगतो, ''धिस इज आउट ऑफ बजेट.'' आईला सांगताना मात्र जीभ टाळ्याला चिकटते.

आगमनकाळाचा पहिला रविवार. चर्चमधून आम्ही सगळे मम्मीकडे कुलकुल करायला जमलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : मैद्याची छोटी गोळी काट्याच्या मागच्या बाजूवर दाबून शंखासारखी वळायची, तळायची आणि साखरेच्या पाकात घोळवायची. शेकड्याने करावे लागतात. त्यामुळे हात कामात आणि डोळे परातीत असतात. अवघड गोष्ट बोलायची असेल तर याहून चांगली जागा नाही. कुणाच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही!

मी परातीकडे बघत सांगून टाकलं. त्याची नोकरी गेलीय. यंदा पंचवीसच आहेत. गेल्या वर्षीचं कार्डावर होतं आणि जुलैपर्यंत फेडत होते.

दोन मिनिटं नुसता काट्यांचा आवाज. मग मम्मी म्हणाली, ''तू गेल्या वर्षी आणलेली ती भारीतली साडी अजून कपाटातच आहे. मला एवढी नको होती. पण तू इतकी हौसेने आणलीस...'' मग जरा थांबून, ''आणि तू एवढं आणतेस म्हणून आम्ही नातीला सोन्याची चेन केली. त्यासाठी डॅडींनी एफडी मोडली.''

मी बघतच राहिले. म्हणजे मी त्यांच्यासाठी कर्ज काढत होते आणि ते माझ्यासाठी एफडी मोडत होते. दोघांनाही वाटत होतं, समोरच्याची हौस आहे!

संध्याकाळी कुवेतला भावाला व्हिडिओ कॉल लावला. त्यालाही सांगितलं. तो आधी नवऱ्याशी बराच वेळ बोलला. मग हळूच म्हणाला, ''खरं सांगू? डिसेंबरच्या चार तिकिटांचे भाव बघून मलाही घाम फुटला होता. मम्मीला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. आम्ही ईस्टरला आलो तर चालेल?'' मम्मी 'चालेल' म्हणाली. पण त्यानंतर ती उठून उगाच गॅसजवळ काहीतरी शोधत राहिली. बजेटची ही बाजू कुठल्या एक्सेल शीटमध्ये दिसत नाही. काही कात्र्या खरंच लागतात.

पण आकडा एकदा टेबलावर आला की पुढचं काम सोपं होतं, हे मात्र अगदी खरं. आम्ही आधी काय कमी करायचं ते नाही ठरवलं. काय कमी करायचं नाही, ते ठरवलं. तीनच गोष्टी निघाल्या. शेजारी जाणारी फराळाची ताटं, मिडनाइट मासनंतरचं एकत्र जेवण आणि चर्चमधल्या गरजूंच्या पेटीतलं दान. बाकी सगळं वाटाघाटीला मोकळं.

मग 25,000 ची वाटणी अशी झाली : फराळ आणि जेवण 10,000. कपडे 6,000. गिफ्ट्स 4,000. दान 1,500. डेकोरेशन 500. आणि ऐनवेळच्या भानगडींसाठी 3,000. हा शेवटचा कप्पा विसरू नका हं! बजेट कोसळतं ते याच्याच अभावी.

ताटं चौदा घरी जातात. दिवाळीत ज्यांच्याकडून चकल्या-करंज्या आल्या, त्या सगळ्यांकडे. ताट रिकामं परत करायचं नाही, हा मम्मीचा कायदा. पण ताटात नऊ पदार्थ हवेत असा काही कायदा नाही. यंदा चारच : कुलकुल, नेवऱ्या, खजुराचे रोल आणि केक. केकमध्ये काजू चिरूनच जातात, मग अख्खे कशाला? क्रॉफर्ड मार्केटमधून तुकडा काजू आणला. मनुका, बेदाणे महिनाभर आधी रममध्ये भिजत घातले. भट्टी आमच्या गल्लीतल्या बेकरीची, पीठ आपलं. मासनंतरच्या जेवणाला पोर्क इंद्याल मम्मीकडे, फुगे माझ्याकडे, सॅलड आणि ज्यूस मावशीकडे. पूर्वी सगळा खर्च एकाच घराच्या माथी पडायचा आणि बाकीचे महागडी गिफ्ट आणून तो भरून काढायचे. आता भांडी फिरतात, पैसे कमी फिरतात.

गिफ्टसाठी मोठ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकल्या. एकाने एकालाच द्यायचं, मर्यादा 500 रुपये. आमच्या दोघांचे मिळून हजार. पोरं चार, त्यांना प्रत्येकी 750. कपड्यांत मोठ्यांनी एकच नवी वस्तू घ्यायची. माझे कानातले विरार फास्टच्या लेडीज डब्यातले आहेत, 60 रुपयांचे. ऑफिसात तिघींनी विचारलं, ''कुठून घेतलेस गं?'' मी नुसतं गूढ हसले.

डेकोरेशनचे पाचशे रुपये लेकीच्या हवाली केले. वय वर्षं सहा. तिने जुन्याच बांबूच्या चांदणीला नवा कागद लावून घेतला, एक बल्ब विकत घेतला आणि गोठ्याभोवतीच्या हिरवळीसाठी आजोबांबरोबर वाट्यांमध्ये नाचणी पेरली. 140 रुपये परत आणून दिले. ही पोरगी नक्की माझीच ना?

आता दोन-तीन गोष्टी खास तुमच्यासाठी, कारण त्या मला महागात शिकायला मिळाल्या.

एक, यूपीआयचे पैसे दिसत नाहीत. 80 रुपये, 150 रुपये, 220 रुपये, टिंग टिंग टिंग, आणि महिनाअखेरीला कळतं की पाच हजार गेले. आम्ही नाताळचे 25,000 एका वेगळ्या खात्यात टाकले आणि सणाची प्रत्येक खरेदी त्याच खात्यातून केली. खातं संपलं की सण संपला! जुन्या कंपनीचं सॅलरी अकाउंट त्यासाठी वापरणार असाल तर आधी चौकशी करा. पगार यायचा थांबला की ते साधं बचत खातं होतं आणि मिनिमम बॅलन्सचा दंड लागू शकतो.

दोन, 'नो कॉस्ट ईएमआय'ला फुकट समजू नका. बँक व्याज लावतेच, दुकानदार तेवढी सूट देतो. पण व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आणि बहुतेक वेळा प्रोसेसिंग फी आपल्याच खिशातून जाते. शिवाय रोख घेताना मिळणारा डिस्काउंट हुकतो तो वेगळाच.

तीन, पुढच्या नाताळची तयारी या नाताळात करा. आमच्या डब्यात भिशी आहे. बारा जणी, महिन्याला दोन हजार. डिसेंबरच्या नंबरासाठी आम्हा ख्रिस्ती बायकांची भांडणं ऐकण्यासारखी असतात! नाताळासाठी वर्षभर थोडं थोडं साठवायची कल्पना जगभर जुनी आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावच्या एका बँकेने 1909 मध्ये 'ख्रिसमस क्लब' काढला होता. पण पैसे कुणाकडे साठवतो हेही बघायला हवं. ब्रिटनमध्ये फेअरपॅक नावाची कंपनी लोकांकडून नाताळासाठी वर्षभर हप्ते घ्यायची. ती 2006 च्या ऑक्टोबरमध्ये, सणाच्या ऐन तोंडावर बुडाली. लाखाहून जास्त लोकांचे पैसे अडकले, आणि त्यात बहुतेक हातावर पोट असलेले लोक होते.

म्हणून माझी भिशी चालू आहे, पण मोठा भरवसा बँकेच्या रिकरिंग डिपॉझिटवर. वसईत आमच्या लोकांनी 1918 मध्येच बसीन कॅथॉलिक सहकारी बँक उभी केली, ती काही उगाच नाही! बँकेतल्या ठेवीला माणशी पाच लाखांपर्यंत विमा असतो, भिशीला नसतो. आणि एक बारीक गोष्ट : बारा महिन्यांची आरडी जानेवारीत उघडलीत तर ती पुढच्या जानेवारीत हातात येते, म्हणजे वरातीमागून घोडं. डिसेंबरच्या 1 तारखेला उघडा. पुढच्या 1 डिसेंबरला पैसे तयार. मी यंदा महिना हजाराची सुरू केली. बारा हजार आणि वर थोडं व्याज. गेल्या वर्षी बँकेने माझ्याकडून जेवढं व्याज घेतलं, जवळपास तेवढेच पैसे!

नवऱ्याचे दोन इंटरव्ह्यू झालेत, तिसरा बाकी आहे. बघू. परवा डॅडी त्याच्या शेजारी बसून गोठ्याला गवत लावत होते. काही बोलले नाहीत. नुसतं म्हणाले, ''जावईबापू, चांदणी जरा उजवीकडे घ्या.'' तीन महिन्यांत पहिल्यांदा तो त्या घरात मोकळेपणी हसला.

तर मंडळी, नाताळ असो, दिवाळी असो की ईद, यंदा शॉपिंग लिस्टच्या आधी एक काम करा. तुमचा आकडा घरात मोठ्याने सांगा. शक्यतो कुलकुल वळताना.

मेरी ख्रिसमस! आणि हो, मम्मीने ती साडी अखेर घडी मोडून बाहेर काढलीय. मिडनाइट मासला तीच नेसणार आहे. खर्च शून्य.