पोस्ट कुणाची उडते, शिवी कुणाची टिकते?



१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, पाठोपाठ वस्त्यांत पोलिसांचे कोंबिंग ऑपरेशन. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत सोमनाथ सूर्यवंशी यांचा मृत्यू झाला. वस्तीतल्या मारहाणीचे मोबाइल व्हिडिओ फिरले, म्हणून पोखर्णीपासून मुंबईपर्यंत लोकांना खरे कळले. सोशल मीडिया आमच्यासाठी करमणूक नाही, तो पुरावा आहे.

पण हा पुरावा ठेवायचा की पुसायचा, हे खासगी कंपनी ठरवते. मारहाणीचा व्हिडिओ टाकला तर तो ‘हिंसक’ ठरू शकतो. मिळालेली जातीची शिवी दाखवून निषेध केला तर आपलीच पोस्ट ‘द्वेषपूर्ण’ ठरू शकते. शिवी देणारा कोण आणि सोसणारा कोण, हे मशीनला कळत नाही. गावाकडच्या बोलीतले जातीचे टोमणे तर त्याहून कळत नाहीत.

मग सरकारलाच पोस्ट उडवण्याचे जादा अधिकार द्यावेत, असे आपल्यातले काही जण म्हणतात. आम्हाला ते मान्य नाही. २०१२ मध्ये बंदवर प्रश्न विचारणाऱ्या फेसबुक पोस्टसाठी पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती. आयटी कायद्याचे ते कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. सत्तेच्या हातात कात्री दिली की ती आधी सत्तेला प्रश्न विचारणाऱ्यांवरच चालते.

याचा अर्थ शिवीगाळ सहन करायची असा नाही. महापुरुषांची बदनामी हे अभिव्यक्ती स्वातंत्र्य नव्हे. अॅट्रॉसिटी कायद्याचे कलम ३(१)(व्ही) त्यासाठीच आहे. गुन्हा नोंदवा, निकाल न्यायालयाला देऊ द्या.

कंपन्यांकडे आमची मागणी साधी आहे: पोस्ट काढण्याआधी नोटीस, लेखी कारण आणि बाजू मांडण्याची संधी. २०२१ च्या आयटी नियमांतील नियम ४(८) मोठ्या कंपन्यांवर हेच बंधन घालतो. तक्रार अधिकाऱ्याने दाद दिली नाही तर ३० दिवसांत तक्रार अपील समितीकडे जाता येते. हा हक्क वापरा. मूळ व्हिडिओ जपा, तारीख-ठिकाण लिहून ठेवा, शिवीचा स्क्रीनशॉट लिंकसह घ्या.

१९२० मध्ये ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. बाबासाहेब तिथे थांबले नाहीत, त्यांनी स्वतःचे पत्र चालवले. आपणही दुसऱ्याच्या अंगणात हक्क मागावा, आणि स्वतःचे व्यासपीठही उभारावे.

जय भीम! जय संविधान!