अडलेला प्रवासी आणि वाटेवरचे गॅरेज

गणेशोत्सवाला किंवा मे महिन्याच्या सुटीत कोकणाकडे निघालेले पुण्याचे एखादे कुटुंब पोलादपूरच्या आसपास रस्त्याकडेला थांबते. तापमानाचा काटा लाल रेषेपलीकडे गेलेला असतो आणि बोनेटखालून वाफ येत असते. टोचन लावून गाडी जवळच्या गॅरेजात नेली जाते. मिस्त्री पाहतो आणि सांगतो, ‘हेड गॅस्केट गेले आहे, इंजिन खोलावे लागेल.’ कदाचित ते खरेही असेल. कदाचित फुटलेला रबरी होज पाइप बदलून काम भागण्यासारखे असेल. या दोन निदानांच्या खर्चात काही शे आणि कित्येक हजार रुपये इतके अंतर असते, आणि त्यांतले खरे कोणते हे जाणण्याचा कोणताही मार्ग गाडीच्या मालकापाशी नसतो. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण अशा प्रसंगी कोणाला शिकवावी लागत नाही.

अशा अनुभवानंतर परमुलखातल्या माणसांच्या नीतिमत्तेला दोष देण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु हा प्रश्न मुख्यतः नीतीचा नाही. तो बाजाराच्या रचनेचा आहे. डार्बी आणि कर्नी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली असे दाखवून दिले, की काही सेवांची गरज होती की नव्हती हे पैसे मोजून झाल्यावरही ग्राहकाला कळत नाही. मोटारदुरुस्ती ही अशीच सेवा आहे. गाडी पुन्हा चालू लागली, एवढेच ग्राहकाला समजते. बदललेला भाग खरोखर निकामी झाला होता काय, हे समजत नाही. शिवाय रोगाचे निदान करणारा आणि औषध विकणारा येथे एकच असतो.

स्वतःच्या गावात या उणिवेवर ओळखीचा उतारा असतो. पेठेतल्या मिस्त्रीला ठाऊक असते, की आज फसवलेले गिऱ्हाईक उद्या परत येणार नाही आणि कचेरीतल्या चार सहकाऱ्यांनाही येऊ देणार नाही. महामार्गावरच्या गिऱ्हाइकाची गोष्ट निराळी. ते पुन्हा येणारच नसते. मग ते समाधानाने गेले काय किंवा चरफडत गेले काय, धंद्यावर परिणाम होत नाही. गावातला मिस्त्री जात्याच अधिक प्रामाणिक असतो असे नव्हे; त्याच्या प्रामाणिकपणाला मोबदला मिळतो, इतकेच.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आडगावच्या मिस्त्रीला एखादा सुटा भाग मिळवण्यासाठी महाड किंवा पनवेल गाठावे लागते. ‘संध्याकाळपर्यंत काहीही करा, पण गाडी चालू करा’, असा प्रवाशाचा धोशा असतो; मग नेमका दोष शोधण्यापेक्षा संशयास्पद वाटेल ते सर्व बदलणे सोपे ठरते. ऐन सणात रात्र जागून गाडी मार्गी लावणारे आणि वाजवी मजुरी घेणारे मिस्त्री या रस्त्यावर आहेत. परंतु आपण प्रामाणिक आहोत हे अनोळखी माणसाला पटवून देण्याचे साधन त्यांच्यापाशी नाही, आणि शेजारच्या लबाडाचा संशय त्यांच्याही वाट्याला येतो. ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधाचे सार हेच आहे: माहिती एकाच बाजूला साचली, की वाईट माल चांगल्याला बाजारातून हुसकावतो.

मग कायदा काय करतो? १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार प्रतिपक्षाच्या ठिकाणी किंवा जेथे प्रकार घडला तेथे करावी लागे. काही हजार रुपयांसाठी पुण्याच्या कारकुनाने अलिबागच्या वाऱ्या कराव्यात, हे व्यवहारात बसणारे नव्हते. २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० मध्ये अमलात आला आणि ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याचा अधिकार मिळाला. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. पावती न देणे ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. तरीही फार थोडे प्रवासी या वाटेने जाऊ शकतील. कारण तक्रार उभी राहते ती कागदावर, आणि कागद नेमका नसतो. ‘बिल नको, थोडे कमी करा’, असे पुष्कळदा ग्राहकच म्हणतो. अधिकार घरापर्यंत पोहोचला. पुरावा मात्र गॅरेजात राहिला.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९७१ साली मोटारदुरुस्तीसाठी स्वतंत्र कायदा केला. कामापूर्वी लेखी अंदाज, त्याहून अधिक खर्चाला ग्राहकाची संमती आणि मागितल्यास काढलेला जुना भाग परत, ही त्यातली महत्त्वाची बंधने होत. महाराष्ट्राने निदान महामार्गांवरील गॅरेजांसाठी एवढे तीन नियम करावेत आणि ते मराठीत ठळक फलकावर लावण्याची सक्ती करावी. त्यासाठी नवे परवाने आणि नवे निरीक्षक नकोत. त्यातून हप्त्यांची आणखी एक वाट तेवढी निघेल. कार्बन लावलेले पावतीपुस्तक लहानात लहान मिस्त्रीलाही परवडते, आणि प्रामाणिक मिस्त्रीला तर तेच आपल्या सचोटीचे प्रमाणपत्र ठरेल.

नियम होईपर्यंत प्रवाशाने स्वतः हे तिन्ही मागावे. इंजिन खोलण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या मिस्त्रीला दूरध्वनी करून दोघांचे बोलणे करून द्यावे. आपल्यासारखाच जाणकार ऐकतो आहे म्हटल्यावर निदान अधिक काळजीपूर्वक होते. गावात जे काम ओळख करते, ते परमुलखात कागदाने करावयाचे असते. तो कागद मागण्यात मिस्त्रीचा अपमान नाही, आणि न मागण्यात प्रवाशाचे औदार्यही नाही.