फास्टर फेणे शाळेतलाच बरा!

भा. रा. भागवतांचा बनेश फेणे आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या फुरसुंगीचा. पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा, सायकल दामटणारा, 'ट्टॉक्' करणारा किडकिडीत पोरगा. १९८७ च्या दूरदर्शन मालिकेत सुमीत राघवनने साकारलेला फेणे शाळकरीच होता. २०१७ च्या चित्रपटात मात्र अमेय वाघचा फेणे मोठा झाला, वैद्यकीय प्रवेश परीक्षेतला घोटाळा शोधू लागला. चित्रपट छानच आहे. पण सहावी-सातवीच्या मुलांना त्यात आपल्या वयाचा नायक भेटत नाही. फुरसुंगीच्या पोराला जमतं, तर आम्हा घोडेगावकरांना का नाही, असं मुलांना वाटायला हवं ना? म्हणून शिक्षक मित्रांनो, आधी पुस्तक वर्गात वाचून दाखवा. चित्रपट नंतर!