गाठ न धरणारा कर्करोग

कर्करोग म्हटलं की डोळ्यांपुढे गाठ येते. जठराच्या कर्करोगाचा एक प्रकार मात्र बऱ्याचदा गाठ धरतच नाही. फिनलंडच्या लॉरेन यांनी १९६५मध्ये त्याला ‘डिफ्यूज’ म्हणून वेगळं काढलं. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पेशी खड्याच्या अंगठीसारख्या दिसतात: आत श्लेष्म भरलेला, केंद्रक कडेला ढकललेलं. पेशींना एकमेकींशी बांधणारं ई-कॅडहेरिन बिघडलं की त्या सुट्या होऊन अस्तराखाली पसरतात. जठर वाळलेल्या पखालीसारखं ताठरतं आणि दुर्बिणीला वरचं अस्तर कधीकधी स्वच्छ दिसतं.

न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या माणसं याच कर्करोगाने तरुणपणीच जात होती. १९९८मध्ये पॅरी गिलफर्ड यांच्या गटाने त्यामागचा, ई-कॅडहेरिन घडवणाऱ्या सीडीएच१ जनुकातला दोष शोधला. असा दोष आढळलेले अनेक जण आता निरोगी दिसणारं जठरही काढून टाकतात. ऐकायला अघोरी वाटतं, पण पसरलेला हा रोग क्वचितच बरा होतो.

आपल्याकडे? पित्त म्हणून महिनोन्‌महिने गोळ्या. चार घासांत पोट भरतंय, पँट कमरेला सैल होतेय, तरी गोळीच! ‘घरात कुणाला झाला होता का?’ हा प्रश्न डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारायला हवा. तो फुकट आहे.