‘ली’ ह्या शेंपटाचा भरंवसा

गेल्या महिन्यांत आमच्या पुतण्यानें नोकरीसाठीं लिहिलेला इंग्रजी अर्ज धाडण्यापूर्वीं आमच्या हातीं दिला. तिसऱ्याच ओळींत चिरंजीव म्हणतात, “आय हॅव वर्क्ड हार्डली फॉर थ्री इयर्स.” तीन वर्षें कष्ट केले, असें सांगावयाचें होतें; अर्थ निघाला तो, तीन वर्षें काम जेमतेमच केलें, असा! वाचणाऱ्यानें तो अर्ज तेथेंच बाजूस सारला असता. विचारतां उत्तर मिळालें, “काका, क्रियाविशेषणाला ‘ली’ लावावें, असें तुम्हींच शिकविलें होतें.” तें खरें होतें. दोष शिष्याचा नव्हे, गुरूचा.

हा नियम आपण मुलांच्या गळ्यांत कां बांधतों, तेंही पाहण्यासारखें आहे. मराठींत ‘तो चांगला गातो’, ‘ती चांगली गाते’ असें म्हणतात. येथें ‘चांगला’ हा शब्द गाण्याची रीत सांगतो, पण लिंग घेतो गाणाऱ्याचें. काम क्रियाविशेषणाचें, वेष विशेषणाचा. ह्या संवयीचीं मुलें ‘शी सिंग्ज गुड’ असें लिहितात. तेथें ‘वेल’ हवें म्हणून आपण रागावतों, आणि सोपा उपाय म्हणून ‘ली’ची खूण हातीं देतों.

ती खूण फसवी कां, ह्याचें कारण जुनें आहे. प्राचीन इंग्रजींत ‘लीच्’ म्हणजे शरीर, रूप. त्यापासून विशेषणाचा ‘लीच्’ व क्रियाविशेषणाचा ‘लीचे’ असे दोन प्रत्यय निघाले, आणि उच्चार झिजतां झिजतां दोहोंचें ‘ली’ झालें. म्हणून ‘फ्रेण्ड्ली’, ‘लव्हली’ हीं शेंपूट असूनही विशेषणेंच. उलट ‘हार्ड’, ‘फास्ट’ ह्यांच्या क्रियाविशेषणांना त्या काळीं शेवटीं एक ‘ए’ असे. तो गळला आणि दोन्ही रूपें दिसावयास एक झालीं. ‘हार्डली’चा अर्थही पूर्वीं ‘जोरानें, कष्टानें’ असाच होता. कष्टानें, मग जेमतेम, मग जवळजवळ नाहींच, असा तो सरकत गेला. आमचा पुतण्या कांहीं शतकें उशिरां जन्मला, एवढेंच.

तेव्हां शेंपूट न पाहतां शब्द कोणाला धरून उभा आहे, तें विचारावें. ‘अ फास्ट हॉर्स’ ह्यांत ‘फास्ट’ घोड्याला धरून आहे, म्हणून विशेषण. ‘इट रन्स फास्ट’ ह्यांत धांवण्याला, म्हणून क्रियाविशेषण. आपलें मराठी नांव येथें थोडें अपुरें पडतें खरें, कारण ‘व्हेरी गुड’मधला ‘व्हेरी’ क्रियेला न धरतां विशेषणाला धरतो, तरी वर्ग हाच. आणि ‘द मँगो टेस्ट्स स्वीट’ ह्यांत क्रियापदाला खेटून असलेला ‘स्वीट’ वर्णन करतो आंब्याचेंच. तेथें ‘स्वीटली’ लिहिल्यास आंबाच कांहींतरी चाखावयास बसला, असें होईल!

अर्जांतलें तें शेंपूट छाटून चिरंजीवांनीं तो धाडला आहे. उत्तर अद्याप यावयाचें आहे. ‘ओन्ली’ वाक्यांत कोठें ठेवावें, हा त्यांचा दुसरा प्रश्न पुढील अंकीं घेऊं.