अडलेल्या बाळंतिणीचा वेळ

डॉ. रखमाबाई १८९५ साली सुरतेत आल्या, तेव्हा बायकांचा दवाखाना होता, लंडनहून शिकून आलेली डॉक्टर होती, बाळंतिणी मात्र फिरकत नव्हत्या. मग त्यांनी म्हणे एक गाभण शेळी दवाखान्यात आणवली, ती सुखरूप व्याली आणि बायकांची भीड चेपली. गोष्टीत थोडं तिखटमीठ असेलही. तरी दुखणं तिने नेमकं पकडलंय: हत्यारं दवाखान्यात आणि अडलेली बाई घरात.

हत्यारांचा इतिहास फार जुना. आई मेली आणि कुशीत मूल हलत असेल तर वैद्याने तत्काळ पोट फाडून ते काढावं, असं सुश्रुतसंहिता सांगते. आई जिवंत असेल तर? मूल मेलेलं असल्यास ते कापून काढायचं, त्यासाठी कुठलं शस्त्र घ्यावं इथपर्यंत तिथे सूचना आहे. युरोपही फार पुढे नव्हता. पॅरिसमध्ये सिगोने १७७७ मध्ये ओटीपोटाच्या हाडांचा सांधाच कापून वाट मोठी केली. इटलीच्या पोर्रोने १८७६ मध्ये मुलाबरोबर गर्भाशय काढून आई वाचवली. ते जागेवर ठेवून नीट शिवण्याची रीत जर्मनीच्या झेंगरने १८८२ मध्ये मांडली. रखमाबाई १८८९ मध्ये शिकायला गेल्या तेव्हा ती रीत अवघी सात वर्षांची होती.

आज ‘सिझर’ घरोघरी ठाऊक आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय पाहणीत देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझरने झाली. सरकारी दवाखान्यांत १४.३, खासगीत ४७.४ टक्के. एवढी तफावत बायकांच्या शरीरात नसते, हे उघड आहे. गुजरातने २००५ मध्ये चिरंजीवी योजना काढली. गरीब बाईचं बाळंतपण साधं असो वा सिझर, खासगी डॉक्टरला शंभर बाळंतपणांमागे १,७९,५०० रुपये तेव्हा ठरले होते. विनाकारण चाकू चालवण्याचा मोह त्याने गेला. पण अवघड बाळंतपणाची बाई दुसरीकडे धाडण्याचा मोह आला.

सुरतेतल्याच कोसाडच्या पालिका-आवासातल्या बाईला मोठं सरकारी रुग्णालय तापीपलीकडे. १०८ची गाडी येते, पण ती बोलवायची कधी हे घरात ठरतं, आणि तिथेच तास जातात. सुरतेतल्या खानदेशी लेकी तर बाळंतपणाला माहेरी जातात, नंदुरबारला, धुळ्याला. पहिलं सिझर सुरतेत झालेलं असतं. कागद तिथेच कपाटात. जुना टाका कळा सोसताना उकलू शकतो, वार त्याच व्रणावर रुजली तर रक्त थांबता थांबत नाही. समोरच्या डॉक्टरला हे आधी कळलं तर रक्ताची सोय होते, रात्रीची धावाधाव वाचते.

तेव्हा माहेरच्या गाडीत बसण्याआधी पिशवीत गरोदरपणाच्या तपासण्यांचं ममता कार्ड आणि मागच्या सिझरचं डिस्चार्ज कार्ड टाका. आणि कळा लांबल्या तर सासूच्या होकारासाठी थांबू नका, १०८ फिरवा.